कामगारांनी बारसं केलेला विनोदवीर: जॉनी लीव्हर

मागची रांग (धागालेखिका)

मागच्या शनिवारी भाचीबरोबर लोअर परळला स्टँड-अपचा कार्यक्रम बघायला गेले होते. छान झाला. बाहेर पडताना ती सहज म्हणाली, "मावशी, आपल्याकडे हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलंच ना?" मी म्हटलं, "आणि जॉनी लीव्हर?" त्यावर ती म्हणाली, "तो सिनेमातला ना? त्याचा इथे काय संबंध?"

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिची चूक नाही. तिच्या पिढीने त्यांना पाहिलं ते नायकाचा मित्र, विसराळू नोकर, बावळट गुंड अशा दहा-दहा मिनिटांच्या भूमिकांत. माझ्या लेखी मात्र हा माणूस आधी रंगमंचाचा आहे. हातात माइक, मागे पडदा, बाकी काही नाही, आणि समोर मैदानभर माणसं. तो तसा घडला त्यात सिनेमाचा वाटा थोडा आणि कारखान्याचा फार मोठा. हे नीट लिहून ठेवावं म्हणून धागा काढतेय.

मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमाला. जन्म १४ ऑगस्ट १९५७, आंध्रातलं कनिगिरी. तेलुगू ख्रिस्ती कुटुंब. वाढले मुंबईत, धारावी-किंग्ज सर्कलच्या पट्ट्यात. तीन बहिणी, दोन भाऊ, आणि हे सगळ्यात थोरले. वडील हिंदुस्तान लीव्हरच्या कारखान्यात ऑपरेटर. शाळा सातवीपर्यंत, मग पैशांअभावी सुटली. त्यानंतर मिळेल ते काम. त्यातलं एक म्हणजे रस्त्यावर पेनं विकणं. ती नुसती विकायची नाहीत, नटांच्या नकला करत, त्यांच्या गाण्यांवर नाचत विकायची. रस्त्यावरचा माणूस तुमच्याकडे बघायला आलेला नसतो. तो घाईत असतो, त्याच्या डोक्यात लोकलची वेळ असते. त्याचा पाय थांबवायचा, त्याला हसवायचं आणि हसू ओसरायच्या आत खिशात हात घालायला लावायचा. स्टँड-अपचं याहून कडक शिक्षण मला तरी सुचत नाही.

मग वडिलांच्याच कंपनीत नोकरी, अंगमेहनतीची. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना हसवायचं. एका कार्यक्रमात त्यांनी कंपनीच्या बड्या साहेबांच्या नकला केल्या, साहेब समोर बसलेले असताना. त्या दिवसापासून कामगार म्हणायला लागले, हा आपला जॉनी लीव्हर. म्हणजे ज्या नावाने आज सगळा देश त्यांना ओळखतो ते कुठल्या निर्मात्याने किंवा मॅनेजरने दिलेलं नाही, कामगारांनी दिलंय. कंपनीने २००७ साली स्वतःचं नाव बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर केलं. जुनं नाव या माणसाबरोबर राहिलं.

१९८१ साली त्यांनी ती नोकरी सोडली. आजच्या मुलांना हे वाक्य साधं वाटेल. पण त्या काळात मुंबईत मोठ्या कंपनीत 'पर्मनंट' असणं काय होतं ते ज्यांच्या घरात कुणी पर्मनंट होतं त्यांना विचारा. फंड, बोनस, कॅन्टीनचं जेवण, पोरांची लग्नं त्या पगारस्लिपवर ठरायची. आणि हा तरुण ते सोडून कशासाठी निघाला, तर वाद्यवृंदात दोन गाण्यांच्या मधे उभं राहण्यासाठी. संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांतून त्यांना मोठा रंगमंच मिळाला. पुढे अमिताभ बच्चन यांच्याबरोबर परदेश दौरा झाला. 'हँसी के हंगामे' ही ध्वनिफीत निघाली आणि ज्यांनी त्यांचा चेहराही पाहिला नव्हता अशा घरांत त्यांचा आवाज पोहोचला. सुनील दत्त यांनी 'दर्द का रिश्ता'मध्ये (१९८२) घेतलं. तरी सर्वसामान्य सिनेमाप्रेक्षकाच्या तोंडी त्यांचं नाव बसलं ते 'बाजीगर'मधल्या बाबूलालमुळे, १९९३ साली. तेव्हा त्यांचं वय होतं छत्तीस!

१९८१ ते १९९३ ही बारा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. कुठल्याही लेखात ती एका ओळीत उरकतात आणि लगेच सिनेमांची यादी सुरू होते. त्या काळातल्या रंगमंचाबद्दल इथल्या कुणाला आठवतं का? वाद्यवृंदात वाजवलेले, युनियनचे कार्यक्रम पाहिलेले, त्या कॅसेटी ऐकलेले, सगळ्यांनी लिहा.

---

पहिली पाळी

ताई, धागा वाचून हात शिवशिवले. मी ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. जॉनी लीव्हर यांच्या कंपनीशी माझा संबंध नाही, पण तुम्ही जो कार्यक्रम सांगितलात तसला कार्यक्रम प्रत्येक कारखान्यात असायचा. आमच्याकडे वर्षातून एकदा सत्यनारायण. सकाळी पूजा, दुपारी जेवण, संध्याकाळी करमणूक. कॅन्टीनची टेबलं जोडून त्यावर ताडपत्री, की झालं स्टेज. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब लोक सपत्नीक, मागे आम्ही सतरंज्यांवर, आणि त्यामागे दुसऱ्या पाळीचे लोक उभे.

प्रत्येक खात्यात एक तरी नकलाकार असतोच. आमचा पॅकिंगला होता. टाइम ऑफिसच्या कारकुनाची नक्कल करायचा. कारकुनाची सवय अशी, मस्टरचं पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायचं, मग चष्म्यावरून आपल्याकडे बघायचं, मग पान उलटायचं. आपण दोन मिनिटं उशिरा आलोय आणि तो ही तिन्ही कामं सावकाश करतोय. त्या रात्री आमच्या गड्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. नुसतं बोट, चष्मा, पान. सगळं कॅन्टीन लोळत होतं. आणि दुसऱ्या रांगेत तो कारकून बसलेला. त्याच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि तो खरोखर बोटाला थुंकी लावून ती उलटत होता! शेजारच्याने त्याचा हात धरला तेव्हा त्याला कळलं. मग तोही हसला. दुसऱ्या दिवशी मस्टरवर थोडा मऊ होता, हे मी स्वतः अनुभवलंय.

दुसरी एक गोष्ट. कारखान्यात मशीनचा आवाज एवढा असतो की दोन हातांवरचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून समजून घ्यायचो, हातांनी बोलायचो. "साहेब आला" याची खूण वेगळी, "चहा आला" याची वेगळी. कोण लांबून येतोय ते चालीवरून ओळखायचं. त्यामुळे कामगाराची नजर माणसाच्या चालीवर, मानेवर, हातावर पक्की बसते. जॉनी लीव्हर तोंड उघडायच्या आधी जे अंगाने करतात ना, मान पुढे, खांदे वर, ते बघताना मला नेहमी वाटतं की हा माणूस मशीनच्या आवाजात शिकलाय.

---

चिंचोके

पहिली पाळी काका, कारकुनाचा किस्सा जबरदस्त. वाचनखूण साठवली. अजून लिहा.

---

ऑक्टोपॅडवाला

मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बारा वर्षं वाद्यवृंदात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवला. तेव्हाच्या ऑर्केस्ट्राची पद्धत सांगतो, कारण आता ती कुणाला ठाऊक नाही.

गणपतीचे दहा दिवस म्हणजे आमची सुगी. एका रात्री दोन-दोन कार्यक्रम, टेम्पोत सामान, एका मंडळातून दुसऱ्या मंडळात. गायक-गायिकांना कपडे बदलायला, वादकांना चहा प्यायला मधे वेळ लागतो. तो वेळ भरायचा मिमिक्रीवाल्याने. जाहिरातीत त्याचं नाव सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक. पण कार्यक्रम पडतोय असं वाटलं की निवेदक पहिल्यांदा त्यालाच ढकलायचा. लाइट गेले तरी तोच, माइक बिघडला तरी तोच.

तेव्हा ठरलेला क्रम असायचा. अशोक कुमार, मग राज कुमार, मग शत्रुघ्न सिन्हा, मग अमजद खान, शेवटी अमिताभ. सगळ्यांचे तेच आवाज, तेच संवाद. लोक हसायचे ते ओळख पटल्याच्या आनंदात. आवाज जुळला की टाळी, न जुळला की शिट्टी. म्हणजे परीक्षा होती जुळण्याची, विनोदाची नव्हे.

जॉनी लीव्हर यांची कॅसेट आल्यावर हे बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मंडळाचे कार्यकर्ते सुपारी द्यायला, म्हणजे कार्यक्रम ठरवायला, आले की सांगायचे, "जॉनीसारखं पाहिजे." जॉनीसारखं म्हणजे काय, तर नटांचे आवाज असतील, पण ते कुठल्या तरी प्रसंगात अडकलेले असतील. आणि नटांच्या पलीकडे साधी माणसं असतील, दुकानदार, प्रवासी, दारुडा, बायको. आमच्या बरोबरच्या दोन मिमिक्रीवाल्यांनी त्या कॅसेटची टेप घासून पांढरी केली. एकाला जमलं. दुसऱ्याला जमलं नाही, त्याने पुढे निवेदन धरलं.

मी वाजवणारा, म्हणून माझ्या बाजूने एक बारकावा. विनोदावर आम्ही 'ढिश्श' द्यायचो. ते कधी द्यायचं? हशा वर चढत असताना दिलं तर हशा कापला जातो. तो वर जाऊन उतरायला लागला की द्यायचं, म्हणजे तो परत उचलला जातो. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. चांगला मिमिक्रीवाला स्वतः तेच करतो, वाद्याशिवाय. हशा उतरायला लागला की तो एक भिवई उचलतो, नाहीतर एक पाऊल मागे घेतो, आणि हशा परत उसळतो. जॉनी लीव्हर यांचं एकही रेकॉर्डिंग बघा. नवीन ओळ कुठे टाकली यापेक्षा ती टाकायला किती थांबले, ते मोजा.

कल्याणजीभाईंबद्दलही लिहायला हवं. माणसं हेरायची त्यांची नजर वेगळीच. साधना सरगम, सुनिधी चौहान यांच्यासारख्या गायिकांना लहान वयात त्यांनी रंगमंच दिला. गाणाऱ्यांच्या कार्यक्रमात एका कारखान्यातल्या पोराला उभं करणं आणि त्याला मोकळं सोडणं, हे त्यांनाच सुचलं असतं.

---

सरळमार्ग

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, तरी थोडा वेगळा सूर लावतो. जॉनी लीव्हर यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण स्टँड-अप म्हणजे स्वतःचं म्हणणं स्वतःच्या नावावर मांडणं. समाजाबद्दल, घराबद्दल, राजकारणाबद्दल माझं मत काय, हे मी माझ्या आवाजात सांगतो तेव्हा तो स्टँड-अप. दुसऱ्याचा आवाज काढणं ही नकलेची कला आहे आणि ती थोर आहे, पण वेगळी आहे. २००५ साली टीव्हीवर लाफ्टर चॅलेंज ही विनोदवीरांची स्पर्धा आली, त्यातही बहुतेक चुटके आणि नकला होत्या. २०१० मध्ये लोअर परळला कॉमेडी स्टोअर सुरू झालं, तिथून पुढे माणसं आपल्याबद्दल बोलायला लागली. त्यामुळे भाचीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळ्याला एकच नाव दिलं तर कुठल्याच कलेची नीट कदर होत नाही, एवढंच.

---

पाच मिनिटं

मी गेली चार वर्षं ओपन माइक करतोय, मराठी आणि हिंदी दोन्ही. सरळमार्ग, तुमचा मुद्दा आम्ही मुलं आपसात रोज वाद घालतो तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ओपन माइक म्हणजे काय ते आधी. संध्याकाळी यादीत नाव द्यायचं. पंधरा-वीस जण असतात, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. समोर बसलेल्यांतले निम्मे आपल्यासारखेच, स्वतःच्या पाळीची वाट बघत मोबाइलमध्ये स्वतःचा सेट, म्हणजे त्या पाच मिनिटांचा मजकूर, वाचत असलेले. शेवटचं मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाइलचा दिवा दाखवतो. त्या पाच मिनिटांत दोन ठिकाणी खरा हशा आला तर तो आठवडा चांगला. नाही आला तर त्याला आम्ही 'बॉम्ब झालो' म्हणतो, आणि ती शांतता अंगावर घेऊन लोकलने घरी जायचं.

एकदा सलग तीन आठवडे माझा सेट पडला. ओळी चांगल्या होत्या, लिहिलेल्या वाचून मित्र हसायचे. मग एका सीनियर कॉमिकने सांगितलं, "जॉनीभाईंचे जुने शो बघ, आवाज बंद करून." बघितले. आवाज नाही, तरी कोण माणूस आला ते कळतं. हा घाबरलेला, हा बायकोवर डाफरणारा पण आतून भित्रा, हा पैसे मागायला आलाय पण विषय काढता येत नाहीये. हे दाखवायला त्या माणसाबद्दल मत असावं लागतं. कोणाला भित्रा दाखवायचा आणि कोणाला रुबाबदार, इथेच कलाकाराचं म्हणणं येतं. साहेबांसमोर साहेबांची नक्कल करणं हे मत नाही तर काय आहे? पहिली पाळी काकांनी सांगितलेला तो पॅकिंगवाला मस्टरबद्दल भाषण करू शकला असता का? त्याने बोट जिभेला लावलं.

मी सिनेनटाची नक्कल बघतो तेव्हा मूळ माणूस मला माहीत असतो. जॉनीभाईंच्या सेटमधल्या माणसाला मी कधीच भेटलेलो नसतो आणि तरी म्हणतो, अरे, हा तर आमच्या मजल्यावरचा. माझ्यासाठी हा स्टँड-अपच, आणि वरच्या प्रतीचा.

कॉमेडी स्टोअरचा विषय निघाला म्हणून. ते ज्या आवारात होतं ती जागा फिनिक्स मिलची. माझे आजोबा गिरणीत होते, या नव्हे, दुसऱ्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगारनेते दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आजोबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. जॉनीभाईंनी त्याच्या आदल्या वर्षी कारखाना सोडला होता. पहिल्यांदा त्या आवारात माइक धरला तेव्हा हात थरथरत होता आणि कारण फक्त प्रेक्षक नव्हते.

---

शब्दमेळ

'पाच मिनिटं' यांचा प्रतिसाद सुंदर. थोडी भर.

एकट्याने उभं राहून अनेक माणसं उभी करणं आपल्या मातीत नवं नाही. दारोदार फिरणारा बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या, भारुडातली सोंगं. शहरी रंगभूमीवर पु. ल. देशपांड्यांचे एकपात्री प्रयोग, लक्ष्मण देशपांड्यांची एकट्याने उभी केलेली बावन्न पात्रं. पण या दोघांच्या मागे लिहिलेली संहिता होती, नाट्यगृह होतं, शांत बसून ऐकणारा प्रेक्षक होता. जॉनी लीव्हर यांच्यासमोर मैदान होतं, उशिरा आलेले लोक, रडणारी पोरं, पुढचं गाणं कधी म्हणून ओरडणारे. सोंगाड्याच्या जवळचे ते अधिक. सोंगाड्यालाही संहिता नसते, नुसता प्रसंग माहीत असतो आणि समोरचं गाव बघून तो भरायचा असतो.

नावावरून दुसरा जॉनी आठवला. जॉनी वॉकर, मूळ नाव बद्रुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते आणि प्रवाशांना हसवत तिकिटं फाडायचे. बलराज साहनींनी त्यांना हेरलं, गुरुदत्तनी नाव दिलं. आपले दादा कोंडकेही नायगावच्या चाळीतले, गिरणी कामगाराच्या घरातले. बसचा टप, चाळीचा कठडा, कारखान्याचं कॅन्टीन. मुंबईचा विनोद कुठून आला याचा नकाशा काढायचा तर या तीन जागा आधी मांडाव्या लागतील.

---

तिसरी भाषा

मी डोंबिवलीत वाढलेली, घरी तमिळ, शाळा मराठी. धागा मनापासून वाचतेय. एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमात दाक्षिणात्य माणूस दिसला की तो काळा, लुंगीतला आणि हेल काढून बोलणारा. शाळेत मला आणि माझ्या भावाला त्याच हेलात हाका मारायचे. रोज. जॉनी लीव्हर यांच्या काही भूमिकाही त्याच साच्यातल्या होत्या. ते स्वतः तेलुगू आहेत हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यावर आधी राग आला. आपल्याच माणसाने का करावं असं? आज वय झाल्यावर तो राग तसाच राहिलेला नाही, पण पूर्ण गेलेलाही नाही. हेलावर हसणं आणि माणसावर हसणं यातली रेघ फार बारीक असते आणि वर्गातल्या पोरांना ती दिसत नाही.

---

मागची रांग (धागालेखिका)

तिसरी भाषा, हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, ते खरं आहे. हिंदी सिनेमाने विनोदी नटाला साचा दिला आणि त्याने तो भरला. नाही म्हणायची ताकद त्या काळात कुणाकडे होती, हा वेगळा प्रश्न.

रंगमंचाबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. धारावीत एका गल्लीत तमिळ, पुढच्या गल्लीत तेलुगू, कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, उत्तरेकडून आलेले कारागीर, कोकणातले, घाटावरचे. नळावर एकाच वेळी पाच भाषांत भांडण चालतं. तिथे वाढलेल्या मुलाच्या कानात ही सगळी माणसं असणारच. त्यांच्या स्टेजवर गुजराती शेठही येतो, पंजाबीही येतो, मराठी हवालदारही येतो, म्हणजे हसं सगळ्यांचंच होतं, आणि पाहुणा कुणीच नसतो. सिनेमात मात्र नायक सरळ बोलतो आणि हेल फक्त नोकराला. तिथे ते बोचतं.

---

पहिली पाळी

तिसरी भाषा ताई, आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला एक केरळचे फिटर होते. त्यांच्या मराठीची नक्कल मी स्वतः करायचो. ते हसायचे. निवृत्तीच्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "बाकी सगळं ठीक, ते आवाज काढणं मला कधी आवडलं नाही." मी माफी मागितली. तुमचं वाचून त्यांची आठवण आली.

---

वर्धेकर

विदर्भातून लिहितो. सरळमार्ग यांनी २००५ च्या लाफ्टर चॅलेंजचा उल्लेख ओझरता केला, पण आमच्याकडे त्याचं महत्त्व फार. सुनील पाल आमच्या बाजूचा पोरगा, तो जिंकला तेव्हा इकडच्या कॉलेजांमधल्या गॅदरिंगमध्ये नाटकापेक्षा मिमिक्रीला जास्त नावं यायला लागली. त्याच कार्यक्रमातून कानपूरचे राजू श्रीवास्तव घरोघरी गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते गेले त्या दिवशी आमच्या चौकातल्या चहावाल्याने दिवसभर त्यांचेच व्हिडिओ लावले होते. ही सगळी मंडळी ज्या रस्त्याने आली तो जॉनी लीव्हर यांनी आधी पायाखाली तुडवलेला. मिमिक्री करणाऱ्यांची मुंबईत संघटना आहे, तिचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. जाहिरातीत बारीक नाव असणाऱ्यांची संघटना, ऑक्टोपॅडवाले दादा, तुम्हाला याचं मोल जास्त कळेल.

---

ऑक्टोपॅडवाला

कळतं. कार्यक्रम रद्द झाला तर वादकांना निदान गाडीभाडं मिळायचं. मिमिक्रीवाल्याला तेही नाही, कारण त्याच्याकडे वाहून न्यायचं वाद्य नाही. हेच कारण तोंडावर सांगायचे.

---

सरळमार्ग

'पाच मिनिटं' आणि पहिली पाळी काका, तुमचं वाचून मी माझ्या व्याख्येवर पुन्हा विचार करतोय. साहेबांसमोर साहेबांची नक्कल हा मुद्दा मला सुचला नव्हता. एक प्रश्न उरतो. एवढा रंगमंचाचा माणूस, मग सिनेमातच एवढी वर्षं का रमला? तीनशेहून जास्त सिनेमे केले म्हणतात.

---

मागची रांग (धागालेखिका)

सरळमार्ग, माझं उत्तर असं. एक तर घर. सहा भावंडांतला थोरला, सातवीत शाळा सुटलेली. असा माणूस येणारं काम नाकारत नाही. दुसरं, 'बाजीगर'नंतर सिनेमावाल्यांना कळलं की याला नुसता प्रसंग दिला तरी हा तो स्वतः भरतो. बाबूलालमधलं पुष्कळसं त्यांनी सेटवर स्वतः रचलं, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे ते सिनेमातही स्टेजच करत होते, फक्त समोर कॅमेरा. 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा' या दोन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं, लागोपाठच्या वर्षी. पुढे नायकच विनोद करायला लागले, विनोदी नटाचं वेगळं कथानक सिनेमातून गळालं. फिल्मफेअरचं विनोदी भूमिकेचं पारितोषिकसुद्धा २००७ नंतर बंद झालं. नट तिथे, पण भूमिकाच नाही, अशी वेळ.

आणि ते रंगमंचावर परत आले. खरं तर गेलेच नव्हते, दौरे चालूच होते. आता मुलगी जेमी स्टँड-अप करते, भाऊ जिमी मोझेसही याच कामात. जेमीला आशा भोसल्यांच्या बोलण्याची ढब काढताना ऐकलंत का? आवाजाच्या आधी मान येते. भाचीला तो व्हिडिओ दाखवला आणि पहिली पाळी काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती आता त्यांचे जुने शो शोधून बघतेय, आवाज बंद करून.

---

सुरंगी

धागा उशिरा दिसला. कॅसेट घरात कशी ऐकली जायची ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे 'हँसी के हंगामे' होती. बाबांनी आणलेली. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत सात जण. रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा टेपरेकॉर्डर दाराच्या उंबऱ्याजवळ ठेवायचे, म्हणजे गॅलरीतल्यांनाही ऐकू जावं. शेजारच्या काकू भांडी घासत ऐकायच्या. हशाच्या जागा सगळ्यांना पाठ होत्या, तरी त्या जागेआधी भांड्यांचा आवाज थांबायचा. माझी आजी हिंदी समजत नव्हती. ती फक्त आवाज ऐकून हसायची, आणि विचारलं की सांगायची, "हा बाप्या खोटं बोलतोय आणि त्याला माहितीये की बायकोला कळलंय." शब्द न कळता तिला एवढं कळायचं. बाबा गेल्या वर्षी गेले. कॅसेट कुठे आहे ते माहीत नाही, माळ्यावर एक खोका आहे.

---

मागची रांग (धागालेखिका)

सुरंगी, आजीचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. जमलं तर तो खोका उघडा ना. मिळाली तर इथे नक्की कळवा.

---

ऑक्टोपॅडवाला

आणि सापडली तर लगेच वाजवू नका. आधी पेन्सिल घालून हाताने दोन्हीकडे एकदा गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप चिकटलेली असते, थेट लावली तर तुटते. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप जिथे घासत जाते तो भाग, स्पिरिटने पुसून घ्या.

---

सुरंगी

मिळाली. खोक्यात खाली होती, वरचं कव्हर गेलंय, पण बाबांच्या अक्षरात तारीख आहे. ऑक्टोपॅडवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीने गुंडाळली. टेपरेकॉर्डर भावाकडे होता, त्याचा पट्टा सैल झालाय, त्यामुळे हळू चालतोय आणि सगळ्यांचे आवाज जाड येताहेत. बायकोचा आवाजसुद्धा पुरुषासारखा. तरी आम्ही दोघं भाऊ-बहीण जमिनीवर बसून पहिली बाजू पूर्ण ऐकली. पहिला मोठा हशा येतो त्याच्या जरा आधी भावाने बोलणं थांबवलं, हातातला कप खाली ठेवला आणि वाट बघितली. पट्टा मिळतो का ते उद्या लॅमिंग्टन रोडला बघून येणार आहे.